वजन ११० किलो आहे, गादी सहा महिन्यांत दबते. कोणती घेऊ?

आधी पलंगाच्या फळ्या बघा. त्या मधोमध वाकल्या असतील तर नवी गादीही तशीच दबेल.

फळ्या ठीक असतील तर दोष बहुधा फोमच्या घनतेचा, म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती त्याचा. विक्रेता ‘एकदम कडक आहे’ म्हणतो, पण कडकपणा वेगळा, घनता वेगळी. गादी टिकते ती घनतेवर. साधा फोम घनमीटरला निदान ३२ किलोचा, मेमरी फोम (अंगाच्या आकाराप्रमाणे दबणारा) ८०च्या आसपासचा घ्या. जाडी १० ते १२ इंच.

माझी पसंती खाली पॉकेट स्प्रिंग (प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत), वर फोम अशा हायब्रिड गादीला. हवा खेळते, उकडत नाही. घेण्याआधी दहा मिनिटं कुशीवर झोपून बघा (लाजू नका). कंबर खाली गेली तर ती गादी नको. काठावरही बसून बघा, तो फार दबायला नको.