शनिवारची बैठक आणि पहाटेची धडधड

प्रश्न : वय ३८. महिन्यातून एक-दोनदा मित्रांबरोबर बसणं होतं, तेव्हा चार-पाच पेग होतात. पहाटे तीनच्या सुमारास छाती धडधडतच जाग येते. तासाभराने आपोआप थांबतं. दोन दिवसांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल. मग ही धडधड कशाची?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ईसीजीत फक्त त्या काही सेकंदांचे ठोके उमटतात. धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल आला, म्हणून धडधड खोटी ठरत नाही आणि निर्धोकही ठरत नाही.

पहाटेच का, याला कारण आहे. दारू मेंदूला गुंगी आणते. ती उतरू लागली की दबलेली यंत्रणा उलट उसळते, अॅड्रेनलिन वाढतं आणि झोप मोडते. शिवाय लघवीवाटे पाणी आणि मॅग्नेशियम गेलेलं असतं. बहुतेकांमध्ये ठोके नुसते जलद होतात, मिनिटाला १०० ते १२०, पण एका लयीत. काहींमध्ये मात्र हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. सुट्टीत भरपूर प्यायल्यानंतर होणाऱ्या अशा बिघाडाला १९७८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप एटिंगर आणि सहकाऱ्यांनी ‘हॉलिडे हार्ट’ हे नाव दिलं. हा प्रकार ओळखणं महत्त्वाचं, कारण त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते.

पुढच्या वेळी उठून बसा आणि नाडी बघा. तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा. अंगठ्याने बघू नका, त्याचीच नाडी जाणवते. पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर अनियमित ठोक्यांत आकडा फसवा येतो. आकड्याइतकंच लयीकडे लक्ष द्या : ठोके सारख्या अंतराने पडतात, मध्ये एखादाच चुकतो, की कसलाच मेळ नाही? मेळ नसेल तर उजाडायची वाट न पाहता, धडधड चालू असतानाच जवळच्या इस्पितळात ईसीजी काढून घ्या. स्वतः गाडी चालवू नका. सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. ४८ तास उलटलेत की नाहीत, यावर पुढचे उपचार ठरतात. ईसीजीची सोय असलेलं घड्याळ असेल तर ३० सेकंदांची नोंद करून डॉक्टरांना दाखवा.

महिन्यातून एकदा होणाऱ्या त्रासासाठी २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून फिरायचा ईसीजी रेकॉर्डर) बहुधा कोरा येतो. जास्त दिवस लावता येणाऱ्या रेकॉर्डरबद्दल विचारा. सोबत हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. सगळा दोष दारूवर टाकला की थायरॉइड किंवा रक्तक्षय निसटतो.

आणि हिशोब पेगांचा नको, अल्कोहोलचा करा. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे असे चार पेग! ‘मी फक्त बिअर घेतो’ यात काहीच सूट नाही. एनर्जी ड्रिंक मिसळणं तर पूर्ण बंद करा. तपासणी होईपर्यंत दारूच थांबवा, हे आमचं स्पष्ट मत. ज्यांना फिब्रिलेशन आहे आणि जे नियमित पितात, अशांवर २०२० साली ऑस्ट्रेलियातला अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत, दारू सोडायला सांगितलेल्या गटात ५३ टक्के जणांना पुन्हा त्रास झाला, पीत राहिलेल्यांत ७३ टक्क्यांना.

प्रश्न : मिस्टर रोज क्वार्टर घेतात. श्रावण लागला म्हणून एकदम बंद केली. आज दुसरा दिवस. घाम, हातांना थरथर, छातीत धडधड. मन घट्ट केलं की जाईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, हा मनाच्या घट्टपणाचा प्रश्न नाही. रोजच्या १८० मिलीची सवय झालेल्या शरीराची दारू अचानक तुटली की हा त्रास ६ ते २४ तासांत सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रमही होऊ शकतो. त्यांना आजच फिजिशियनकडे न्या आणि रोज किती घेत होते ते न लपवता सांगा. तिथे देखरेखीखाली काही दिवस डोस कमी करत न्यायच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देऊ नका. फिट, असंबद्ध बोलणं, छातीत दुखणं, धाप किंवा शुद्ध हरपणं यापैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा.

प्रश्न : मला मधुमेह आहे. प्यायल्यावर धडधडतं म्हणून मित्राने त्याची प्रोप्रॅनोलॉल (ठोके मंदावणारी गोळी) दिली. घेऊ का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. दम्याच्या रुग्णाला ती धोकादायक आहेच. तुमच्या बाबतीत ती साखर उतरल्याची खूणच झाकेल. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असताना उपाशीपोटी प्यायलं की यकृत साखर सोडायला कमी पडतं, आणि धडधड ही त्याचीच सूचना असू शकते. आधी ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७० पेक्षा कमी असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. वर आली की पोळी किंवा भात खा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका, १०८ लाच बोलवा.