कंपनीला एंटरप्राइझ ऑपरेटिंग सिस्टिम खरंच लागते का? डेबियन, उबुंटूसारख्या फुकटच्या लिनक्सवर भागत नाही का?

"फुकटच्या लिनक्सवर सगळं चालतं, मग रेड हॅट नाहीतर सुसेला पैसे कशाला" हे मी इतक्या मीटिंगांत ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही. रेड हॅट आणि सुसे या सपोर्टसकट लिनक्स विकणाऱ्या कंपन्या, पण पैसे ऑपरेटिंग सिस्टिमचे नसतातच. अडकल्यावर समोरच्याने तिकीट, म्हणजे आपली तक्रार, हाती घ्यावं याचे असतात.

आमच्याकडे मेन डेटाबेस, चांगला लायसन्सवाला, सेंटओएस या फुकटच्या लिनक्सवर टाकायचं ठरलं. मॅनेजरचं म्हणणं, रेड हॅटचाच सोर्स कोड आहे, नुसता लोगो बदललाय. ते खरंच होतं, मी नाकारलं नाही. पण डेटाबेसवाल्यांच्या सर्टिफाइड लिस्टमध्ये (ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, म्हणजे ओएसवर, ते सपोर्ट देतात त्यांची यादी) सेंटओएस नाही, उद्या काही झालं तर ते हात वर करतील, असं मी मेलवर लिहून दिलं होतं. उत्तर आलं नाही. मग ऐन महिनाअखेरीला डेटाबेस हँग व्हायला लागला, लोड ॲव्हरेज (अडकलेल्या कामाचा आकडा) चढतंय, सीपीयू रिकामा, प्रोसेस सगळ्या डी स्टेटमध्ये, म्हणजे डिस्कची वाट बघत अडकलेल्या, किल -९ ने जबरदस्तीने मारायला गेलं तरी दाद देईनात. सेव्हिरिटी वनचं, म्हणजे सगळ्यात तातडीचं, तिकीट टाकलं. डेटाबेसवाल्यांनी लॉग मागवले, ओएसचं नाव बघितलं आणि कळवलं, सर्टिफाइड ओएसवर हाच प्रॉब्लेम रिप्रोड्यूस करून दाखवा, मग बघू. म्हणजे इकडे प्रॉडक्शन बंद, लोक डोक्यावर उभे, आणि आम्ही दुसरा सर्व्हर उभा करून त्यावर रेड हॅट टाकतोय, त्याच स्टोरेजला जोडतोय, अख्खा बॅकअप रिस्टोर करतोय. तिथेही तसंच झालं तेव्हा तिकीट हललं. निघालं काय, तर मल्टिपाथचं (स्टोरेजला एकाहून जास्त रस्त्यांनी जोडायची सोय) सेटिंग, स्टोरेजचे सगळे पाथ गेले की आयओने (वाचणं-लिहिणं) एरर न देता रांगेत थांबून राहायचं. मॅनेजर अजून म्हणतात, बघ, ओएसचा दोष नव्हताच. नव्हताच, पण सुटायला एवढा वेळ कशामुळे लागला?

दुसरं म्हणजे आयुष्य. रेड हॅटचं एक मेजर व्हर्जन १० वर्षं चालतं आणि फिक्स जुन्याच व्हर्जनमध्ये बसवून देतात. २०१४ ला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं तेव्हा त्यांनी १.०.१जी काढलं, रेड हॅट ६ वर आकडा १.०.१ई च राहिला पण भोक बुजलं, त्यामुळे वरचं ॲप हलवावं लागलं नाही. (ऑडिटवाल्यांचा स्कॅनर नुसता आकडा बघून बोंब मारतो, त्यांना रेड हॅटचा एररेटा (फिक्सची नोटीस) दाखवायचा.) आणि फुकटच्या भरवशाचं म्हणाल तर सेंटओएस ८ लोकांनी २०२९ पर्यंत चालेल म्हणून टाकलं होतं, डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की २०२१ अखेर बंद. मग अल्मा आणि रॉकी हे तसेच फुकटचे पर्याय आले, पण मधल्या काळात किती पळापळ झाली ते ॲडमिन लोकांना विचारा.

आता एनजिनेक्स (वेब सर्व्हर), पोस्टग्रेस (डेटाबेस), स्वतःचा कोड आणि लिनक्स कळणारी माणसं हाताशी असतील तर डेबियन किंवा उबुंटू एलटीएस (जास्त काळ अपडेट मिळणारं व्हर्जन) बिनधास्त टाका, ५ वर्षं अपडेट मिळतात, उगाच प्रत्येक टेस्ट सर्व्हरला सबस्क्रिप्शन घेऊ नका. पण सॅप हाना (सॅप कंपनीचा डेटाबेस) असेल तर विषयच संपला, प्रॉडक्शनला सुसे नाहीतर रेड हॅट. आणि घेणार असाल तर पर्चेसवाल्यांना सेल्फ-सपोर्टचा स्वस्त प्लॅन उचलू देऊ नका, त्यात अपडेट मिळतात, तिकीट टाकता येत नाही.