वाचकांचे प्रश्न : विरोधाची इंग्रजी

करारनामे, नोटिसा, कैफियती आणि सभांची इतिवृत्तं इंग्रजीत लिहिणाऱ्या किंवा भाषांतरित करणाऱ्या वाचकांचे हे प्रश्न. 'नाही', 'मान्य नाही', 'याच्या उलट' हे औपचारिक इंग्रजीत कसं मांडायचं, याभोवतीच ते सगळे फिरतात.

प्रश्न : एका कराराच्या मसुद्यात पाचव्या कलमात 'नॉटविथस्टँडिंग क्लॉज नाइन' आहे आणि सातव्यात 'सब्जेक्ट टू क्लॉज नाइन'. दोन्हींचं नवव्या कलमाशी पटत नाही एवढं कळलं. पण चालणार कुणाचं?

पाचवं आणि नववं समोरासमोर आलं तर पाचव्याचं. सातवं आणि नववं आलं तर नवव्याचं. 'नॉटविथस्टँडिंग' म्हणजे 'त्यात काहीही असलं तरी', म्हणून हा शब्द ज्या कलमात आहे ते वरचढ. 'सब्जेक्ट टू' म्हणजे 'त्याच्या अधीन राहून', म्हणून तो शब्द वापरणारं कलम स्वतः खाली बसतं.

समजा, पाचवं कलम म्हणतं की बिल मिळाल्यापासून 30 दिवसांत पैसे द्यायचे आणि नववं म्हणतं की वादग्रस्त बिलाची रक्कम रोखून धरता येईल. पाचव्यात 'नॉटविथस्टँडिंग' असेल तर वाद असो वा नसो, 30 दिवसांत पैसे मोजावेच लागतील. तिथेच 'सब्जेक्ट टू' असतं, तर रोखून धरण्याची मुभा शाबूत राहिली असती. एका शब्दानं पैसे कुणाच्या खिशात राहणार ते ठरतं, म्हणून मसुदा तपासताना आधी हीच दोन पदं शोधावीत.

शोधायची रीत सोपी आहे. संगणकावर दोन्ही पदं जिथे जिथे येतात ती सगळी ठिकाणं काढा आणि कागदावर दोन रकाने करा : जिंकणारं कलम, हरणारं कलम. यातून बहुतेक वेळा दोन दोष हाती लागतात. पहिला, 'नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कंटेन्ड इन धिस अ‍ॅग्रीमेंट' हे वाक्य दोन वेगवेगळ्या कलमांत असतं. दोन्ही कलमं स्वतःला सर्वांत वरचं समजतात आणि त्यांचाच एकमेकांशी खटका उडाला की करार गप्प. अशा जागी 'एनीथिंग' काढून नेमका कलम क्रमांक घालावा. दुसरा दोष याच्या उलट : चौथं कलम आठव्याच्या अधीन आणि आठवं चौथ्याच्या अधीन. जुन्या मसुद्यांतून कलमं उचलून चिकटवली की हे हमखास होतं.

मुख्य करार आणि त्याची परिशिष्टं यांच्यासाठी अग्रक्रमाचं वेगळं कलम ठेवतात : 'इन द इव्हेंट ऑफ एनी कॉन्फ्लिक्ट ऑर इनकन्सिस्टन्सी' अशी सुरुवात करून शेवटी कोणता दस्तऐवज 'शॅल प्रिव्हेल', म्हणजे वरचढ ठरेल, ते सांगायचं. त्यात 'टू द एक्स्टेंट ऑफ' हे शब्द गाळू नयेत. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेचं कलम 109 पाहा. राज्याचा कायदा संघराज्याच्या कायद्याशी विसंगत असेल तर तो 'टू द एक्स्टेंट ऑफ द इनकन्सिस्टन्सी' अवैध ठरतो, म्हणजे विसंगतीपुरताच. हे शब्द नसले की एका ओळीच्या विसंगतीपायी सगळं परिशिष्ट बाद झालं, असा दावा करायला वाट मिळते. शिवाय मुख्य करार ज्या मुद्द्यावर काहीच बोलत नाही त्यावर परिशिष्टानं भर घातली, तर तो सहसा 'कॉन्फ्लिक्ट' नसतोच. तीही भर नको असेल तर तसं वेगळं लिहायला हवं.

प्रश्न : दाव्याला उत्तर देताना 'डिनाइड', 'नॉट अ‍ॅडमिटेड' आणि 'नो नॉलेज' असे तीन प्रकार दिसतात. सगळ्याचा अर्थ 'नाकबूल'च ना?

नाही, आणि इथली गफलत महागात पडते. 'डिनाइड' म्हणजे हे खोटं आहे असं आमचं म्हणणं. 'नॉट अ‍ॅडमिटेड' म्हणजे खरं की खोटं ते आम्ही सांगू शकत नाही, तुम्ही शाबीत करा. इंग्लंडच्या दिवाणी प्रक्रिया नियमांत, नियम 16.5 मध्ये, हे स्पष्ट आहे. प्रतिवादीनं प्रत्येक आरोप तीनपैकी एका खणात टाकायचा : नाकारलेले, मान्य किंवा अमान्य करता येत नाहीत म्हणून वादीनं शाबीत करायचे, आणि मान्य. नाकारलं तर कारण द्यावं लागतं, आणि हकीकत वेगळी असेल तर आपली हकीकतही सांगावी लागते. म्हणून आपल्याला माहिती असूच शकत नाही अशा गोष्टीवर जोशात 'डिनाइड' ठोकून दिलं की 'मग तुमची हकीकत काय?' या प्रश्नाला उत्तर उरत नाही. वादीच्या गोदामात त्या दिवशी किती माल होता हे प्रतिवादीला कुठून कळणार? तिथे दुसरा खणच बरोबर.

आता 'नो नॉलेज'. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत दिवाणी प्रक्रियेचा नियम 8 आहे. आरोपाच्या खरेपणाबद्दल मत बनवण्याइतकी माहिती नाही असं लिहिलं तर त्याचा परिणाम नकारासारखाच होतो. मात्र उत्तर देणं बंधनकारक असताना आरोप नाकारलाच नाही तर तो मान्य धरला जातो. अपवाद नुकसानभरपाईच्या रकमेचा. गप्प राहणं धोक्याचं आहे ते यामुळे.

दुसरा खड्डा म्हणजे निसटता नकार. वादी म्हणतो, '3 मार्च रोजी प्रतिवादीनं 50,000 रोख घेतले.' उत्तरात तेच वाक्य उचलून 'इट इज डिनाइड दॅट ऑन 3 मार्च द डिफेन्डंट रिसीव्हड 50,000 इन कॅश' असं लिहिलं, तर नेमकं नाकारलं काय? तारीख, रक्कम की रोख? 4 मार्चला चेकनं 49,000 घेतले असतील तरी हे वाक्य खरंच ठरतं. न्यायाधीशांनाही ते दिसतं. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 8, नियम 4 मध्ये जवळपास असंच उदाहरण आहे : विशिष्ट रक्कम मिळाल्याचा आरोप असेल तर ती रक्कम 'ऑर एनी पार्ट देअरऑफ', म्हणजे किंवा तिचा कोणताही भाग, मिळाली नाही असं म्हणायला हवं, किंवा किती मिळाली ते सांगायला हवं. म्हणून नकार तुकड्या-तुकड्यानं लिहा : त्या तारखेला नाही, इतर कोणत्याही तारखेला नाही, रोख नाही, अन्य मार्गानं नाही, पूर्ण नाही आणि अंशतःही नाही. वाचायला रटाळ वाटतं, पण इथे रटाळपणाच कामाचा.

जाता जाता 'रिफ्यूट'. पत्रांत 'वी रिफ्यूट युअर अलिगेशन्स' सर्रास दिसतं. काळजीपूर्वक लिहिलेल्या इंग्रजीत 'रिफ्यूट' म्हणजे पुराव्यानं खोडून काढणं. पुरावा जोडला नसेल तर 'डिनाय' लिहा.

प्रश्न : वादाच्या प्रत्येक पत्रावर 'विदाउट प्रेज्युडिस' छापून टाकावं का? आमच्या कार्यालयात तशी पद्धत आहे.

ती पद्धत मोडा. तडजोडीच्या बोलण्यात केलेली कबुली पुढे पुराव्यात वापरली जाऊ नये, यासाठी हे शब्द आहेत. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : वाद उभा राहिलेला असावा आणि पत्र खरोखर मिटवामिटवीचा प्रयत्न करणारं असावं. या दोन्ही गोष्टी नसतील तर नुसता शिक्का संरक्षण देत नाही. आणि असतील तर शिक्का राहून गेला म्हणून इंग्लंडच्या कायद्यात संरक्षण आपोआप जात नाही.

सरसकट छापण्यातून नुकसान असं होतं. करार संपवल्याची नोटीस, पैसे मागणारं पत्र, दोषांची यादी ही पत्रं आपल्याला पुढे न्यायालयाला दाखवायची असतात. त्यावर हे शब्द असले की समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो. म्हणून एका दिवशी दोन पत्रं पाठवा. एक उघडं, त्यात भूमिका आणि मागणी. दुसरं 'विदाउट प्रेज्युडिस', त्यात फक्त प्रस्ताव. दोन्हींतला मजकूर एकमेकांत मिसळू देऊ नका.

याचे सख्खे शेजारी चार, आणि प्रत्येकाचं काम निराळं :

'विदाउट प्रेज्युडिस सेव्ह अ‍ॅज टू कॉस्ट्स' : मुख्य वादाचा निकाल लागेपर्यंत पत्र झाकलेलं राहतं, दाव्याचा खर्च कुणी सोसायचा हा प्रश्न आला की उघडता येतं. इंग्लंडमध्ये ही वाट 1975 च्या कॅल्डरबँक निकालातून रुळली. चांगला प्रस्ताव नाकारणाऱ्याला खर्चात झळ बसावी, हा हेतू.

'सब्जेक्ट टू काँट्रॅक्ट' : याचा लोकांना विसर पडतो. 'विदाउट प्रेज्युडिस' प्रस्ताव समोरच्यानं जसाच्या तसा स्वीकारला तर बंधनकारक तडजोड होऊ शकते. सही होईपर्यंत बांधील व्हायचं नसेल तर हे शब्द वेगळे घालावे लागतात.

'विदाउट प्रेज्युडिस टू अवर राइट्स' : पुढे 'टू' आला की अर्थ बदलतो. पत्र झाकलं जात नाही. बाकीच्या हक्कांना बाध येत नाही एवढंच सांगितलं जातं. अमेरिकेच्या एकरूप व्यापारी संहितेचं कलम 1-308 हक्क राखून ठेवण्यासाठी 'विदाउट प्रेज्युडिस' किंवा 'अंडर प्रोटेस्ट' असे शब्द पुरेसे मानतं. पण पूर्ण फेड म्हणून दिलेली रक्कम स्वीकारून वाद मिटवण्याच्या प्रकाराला तेच कलम वगळतं. म्हणजे चेकच्या पाठीवर हे शब्द लिहून तो वटवला की उरलेली मागणी जिवंत राहते, ही समजूत तिथे चालत नाही.

'डिस्मिस्ड विदाउट प्रेज्युडिस' : न्यायालयाच्या आदेशात हे आलं तर दावा काढून टाकला, पण पुन्हा दाखल करायला मोकळीक आहे.

प्रश्न : संचालक मंडळाच्या ठरावाला विरोध होता, पण वाद नको म्हणून मतच दिलं नाही. इतिवृत्तात 'अ‍ॅब्स्टेन्ड' आहे. पुरे ना?

कायदा कोणता, यावर आहे. अमेरिकेच्या नमुना कंपनी कायद्यात कलम 8.24 नुसार हजर असलेला संचालक ठरावाला संमत मानला जातो. त्यातून सुटायचं तर सभा घेण्यालाच आरंभी हरकत घ्यावी लागते, किंवा विरोध वा तटस्थता इतिवृत्तात नोंदवावी लागते, किंवा सभा संपण्याआधी अध्यक्षांना वा सभा संपताच कंपनीला तसं लेखी द्यावं लागतं. तिथे नोंदलेली तटस्थताही चालते. भारताच्या 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 118 प्रत्येक ठरावाला विरोध करणाऱ्या किंवा सहमत नसलेल्या संचालकांची नावं इतिवृत्तात मागतं. मात्र भूमिका विरोधाची असेल तर 'डिसेंटेड' हाच शब्द नोंदवून घ्या, सोबत एका वाक्यात कारण. इतिवृत्ताचा मसुदा आला की ही नोंद आधी तपासा, कारण ती मसुद्यात गळण्याची शक्यता असते. तटस्थता म्हणजे विरोध नव्हे, याचं ठळक उदाहरण सुरक्षा परिषदेचं आहे. कायम सदस्य तटस्थ राहिला तर तो नकाराधिकार धरत नाहीत, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 1971 मध्ये नामिबियाविषयीच्या सल्लामतात ही प्रथा मान्य केली.

प्रश्न : 'विथ ग्रेट रिस्पेक्ट' लिहिलं की विरोध सौम्य होतो का?

उलट. इंग्रजी वकिलीत 'विथ रिस्पेक्ट', 'विथ ग्रेट रिस्पेक्ट', 'विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट' या चढत्या पायऱ्या आहेत. आदर जितका मोठा तितका 'तुमचं साफ चुकलं' हा भाव गडद. व्यावसायिक पत्रात हे टोमण्यासारखं वाटतं, तेव्हा टाळलेलंच बरं. 'वी डू नॉट अ‍ॅग्री, फॉर द फॉलोइंग रीझन्स' एवढं साधं वाक्य जास्त काम करतं. आदर वगळल्यानंही बोलता येतं : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बुश विरुद्ध गोर या 2000 च्या निकालात न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी आपलं भिन्नमत नुसत्या 'आय डिसेंट'वर संपवलं, नेहमीचं 'रिस्पेक्टफुली' गाळून. त्याची चर्चा झाली.

नोटिशीत 'मॅलिशस', 'फ्लॅग्रंट' अशी विशेषणं पेरू नका. त्यापेक्षा क्रियापद जपा. 'फेल्ड टू डिलिव्हर' म्हणजे माल पोचला नाही, बस्स. 'रिफ्यूज्ड टू डिलिव्हर' लिहिलं की तुम्ही मागितलं आणि त्यांनी नाही म्हटलं, हे दोन्ही दाखवावं लागेल.

प्रश्न : 'अपोज टू' की नुसतं 'अपोज'?

'वी अपोज द मोशन', मध्ये काही नाही. पण 'वी आर अपोज्ड टू द मोशन'. 'ऑब्जेक्ट'ला 'टू' लागतो आणि पुढे क्रिया आली तर 'टू पेइंग', 'टू पे' नव्हे. 'डिसेंट फ्रॉम', 'इनकन्सिस्टंट विथ', 'कॉन्ट्ररी टू', 'इन ब्रीच ऑफ'. 'कॉन्टेस्ट', 'डिस्प्यूट' आणि 'कॉन्ट्रव्हीन' थेट कर्म घेतात. ब्रिटिश लेखनात 'अपील अगेन्स्ट द डिसिजन', अमेरिकेत 'अपील द डिसिजन'. 'अ‍ॅडव्हर्स' निकालाला किंवा परिणामाला लावतात, 'अव्हर्स' माणसाच्या नावडीला.

प्रश्न : खटल्याच्या नावातला 'व्ही' मोठ्यानं कसा वाचायचा?

अमेरिकेत 'व्हर्सस' किंवा नुसता 'व्ही'. इंग्लंडच्या न्यायालयात दिवाणी खटल्यात 'अँड' आणि फौजदारीत 'अगेन्स्ट'. लिहिताना मात्र तिन्हीकडे 'व्ही'च.