भरतीचे वेळापत्रक आणि कॉलेजचे वेळापत्रक : विज्ञान शिक्षकांचे प्रश्न

प्रश्न : गोव्यात, तिसवाडीतल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. आठवड्याला 16 तास शिकवणे, वर तपासणीचे काम. दर बुधवारी सकाळी दहा वाजता तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मांडवी नदीच्या धक्क्यावर नेऊन पाण्याचे नमुने घेतो. लवणता (पाण्याचा खारटपणा) आणि विरघळलेला ऑक्सिजन एका आठवड्यात वर, पुढच्यात खाली असे चालते. मोठी उपकरणे नाहीत. यातून संशोधन म्हणावे असे काही निघेल का?

उत्तर : निघेल, आणि चांगले निघेल. आधी ते वरखाली होणे समजून घ्या, कारण तो दोष नदीचा नसून बहुधा तुमच्या बुधवारचा आहे. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे जाते. सात दिवसांत ती पावणेसहा-सहा तास सरकते. म्हणजे या बुधवारी दहाला भरती असेल, तर पुढच्या बुधवारी दहाला जवळपास ओहोटी. एकदा तुम्ही समुद्राकडून आत शिरलेले पाणी उचलता, एकदा वरून उतरलेले. मुलांच्या आलेखावर जी करवत दिसते ती प्रदूषणाची समजून निष्कर्ष काढले जातात, आणि तिथेच असे बरेच प्रकल्प फसतात.

एक आठवडा सोडून गेलात तर बरे, पण पुरेसे नाही. चौदा दिवसांत भरती पुन्हा त्याच घटकेला येत नाही. सुमारे 40 मिनिटांचा फरक राहतो आणि तो साठत जातो. तीन महिन्यांत घोळ परत तिथेच. म्हणून सत्र सुरू होण्याआधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातले मुरगाव बंदराचे आकडे घ्या, शेजारी तुमचे प्रॅक्टिकलचे वेळापत्रक ठेवा आणि ज्या दिवशी भरतीची वेळ तुमच्या प्रॅक्टिकलच्या तीन तासांत बसते तेवढेच दिवस निवडा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब (अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा) मुलांना जरूर करायला लावा, पण नोंदीसाठी तक्ताच वापरा. दिवसातल्या दोन भरत्यांची उंची सारखी नसते, तेव्हा वेळेबरोबर उंचीही लिहायची. मुखापासून जितके वर जाल तितकी भरती उशिरा पोचते, हेही धरा. पणजीला लागू पडणारी वेळ वरच्या धक्क्यांना चालणार नाही.

आता 16 तासांविषयी. सहायक प्राध्यापकासाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमावलीत हाच आकडा आहे, त्यामुळे तो कमी होण्याची वाट पाहू नका. तुमचे प्रॅक्टिकल हेच तुमचे संशोधन होईल असा प्रश्न घ्या: पावसाळ्यात मांडवीचे पाणी गोडे होते आणि मेपर्यंत खारे पाणी वर चढत जाते, या चक्रात एका ठरावीक जागी ऑक्सिजन कसा वागतो? यात एक पथ्य पाळा. गोड्या पाण्यात 30 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 7.5 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे 6.2च. मे महिन्याचा आकडा ऑगस्टपेक्षा कमी आला म्हणून पाणी बिघडले असे म्हणू नका. तापमान आणि लवणता मोजून संपृक्ततेची टक्केवारी (मावू शकतो त्याच्या किती टक्के ऑक्सिजन आहे ते) काढा आणि तीच मांडा.

मुलांचे आकडे विश्वासार्ह कसे मानायचे, अशी शंका परीक्षक घेतीलच. दर वेळी एकाच जागचे, एका पाठोपाठ भरलेले नमुने चार गटांना वाटा. त्यांच्या उत्तरांतला फरक हीच तुमच्या मापनातली अनिश्चितता. ती निबंधात छापा. मुलांची तुकडी दर जूनला बदलते, म्हणून कृती एका पानावर लिहून भिंतीवर लावा आणि जागा, बाटल्या, खोली यांत काही बदलू नका. लहान विभागाकडे महागडे यंत्र नसते, पण एकाच धक्क्यावर वर्षानुवर्षे जाणे त्याला मोठ्या संस्थेपेक्षा सोपे असते. मला याचे मोल फार वाटते.

प्रश्न : पाण्यातला ऑक्सिजन मोजण्याच्या आमच्या टायट्रेशनमध्ये एकाच बाटलीची दोन उत्तरे येतात, आणि निळा रंग गेल्यावर थोड्या वेळाने परत येतो. काय चुकते? (सासष्टीतला विद्यार्थी)

उत्तर : परत आलेल्या निळ्या रंगाकडे लक्ष देऊ नका. रंग पहिल्यांदा गेला तोच अंत्यबिंदू, तिथेच थांबून आकडा घ्यायचा. बाकी चुका बहुतेक भरतानाच होतात. 300 मिलीची बीओडी बाटली (ऑक्सिजनच्या नमुन्यासाठीची बुचाची काचेची बाटली) घ्या, नळी तळाशी टेकवा, बाटलीच्या दोन-तीन पट पाणी ओसंडून जाऊ द्या. हवेचा बुडबुडा राहिला की ऑक्सिजन जास्त दिसतो. धक्क्यावरच 2 मिली मँगनीज सल्फेट आणि 2 मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला, पिपेटचे टोक पाण्याखाली ठेवून. बूच लावा, अनेकदा उलटसुलट करा. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर जवळपास नाही. खाऱ्या पाण्यात साका सावकाश बसतो. त्याला निदान दोन मिनिटे द्या आणि पुन्हा हलवा. मग 2 मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल.

आता 200 नव्हे, 203 मिली मोजून घ्या. घातलेल्या द्रावणांमुळे बाहेर गेलेल्या पाण्याची भरपाई त्यात होते. टायट्रेशनसाठी बुरेटमधून सोडलेल्या 0.025 नॉर्मल थायोसल्फेटचा 1 मिली म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम ऑक्सिजन. निळा रंग देणारा स्टार्च अगोदर घालू नका, रंग फिकट पिवळा झाल्यावरच. थायोसल्फेट जिवाणूंमुळे कमजोर होते. लिटरला 0.4 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड घालून ठेवा आणि प्रत्येक प्रॅक्टिकलच्या दिवशी डायक्रोमेटने ताकद तपासा. दोन उत्तरांचे कारण बहुधा इथेच सापडेल. अझाइड विषारी आहे: तोंडाने पिपेट ओढू नका, उरलेले पाणी सिंकमध्ये न टाकता वेगळ्या डब्यात साठवा.

प्रश्न : पैसे भरले की आठ दिवसांत निबंध छापू, अशी ईमेल रोज येतात. द्यावा का?

उत्तर : नाही. आठ दिवसांत खरे समीक्षण होत नाही. यूजीसीने आपली केअर यादी (मान्य संशोधन नियतकालिकांची यादी) 2025मध्ये बंद केली, त्यामुळे पारख आता तुमच्यावर आहे. संपादक मंडळातल्या दोघांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर लिहून विचारा, जुने अंक उघडून दोन निबंध पूर्ण वाचा. पीएचडीचे मार्गदर्शक व्हायला 2022च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाचे किमान तीन संशोधन निबंध लागतात. त्या तिनांसाठी नाव खराब करू नका.

प्रश्न : आगरवाड्याच्या मिठागरातले पाणी आणून पेट्रीडिशवर सूक्ष्मजीव वाढवायचा प्रयत्न केला, काहीच वाढले नाही. पाणी तर गुलाबी होते. (सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका, पेडणे)

उत्तर : डायल्यूशन, म्हणजे नमुना पातळ करणे, डिस्टिल्ड वॉटरमध्ये केलेत का? मिठावर जगणाऱ्या या जिवांच्या पेशी कमी मिठाच्या पाण्यात फुटतात, मग डिशवर पोचते ते पेशींचे अवशेष. डायल्यूशनच्या नळ्यांतही 20 ते 25 टक्के मीठ हवे, डिशमधल्या माध्यमातही तेवढेच. एवढ्या मिठात माध्यम गोठवणारे अगर नीट घट्ट होत नाही, तेव्हा लिटरला 20 ग्रॅम घ्या आणि डिश ओतण्याआधी माध्यम चांगले ढवळा, मीठ तळाशी बसते. 37 ते 40 अंशांवर ठेवा आणि दोन दिवसांत निर्णय देऊ नका. लाल-गुलाबी वसाहती दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. तेवढ्या वेळात डिश सुकतात आणि वर मिठाचे स्फटिक येतात. मुले त्यांनाच वसाहती समजून मोजतात. प्रत्येक गड्डी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आत ओला कापूस ठेवा. शंका आलेल्या ठिपक्यावर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघा: स्फटिक विरघळतो, पेशी फुटताना दिसतात. नमुने एप्रिल-मेमध्ये घ्या, पाऊस लागला की मिठागरे भरून जातात.