बीए झालंय, थायलंडला टुरिस्ट म्हणून जाऊन इंग्लिश शिकवायला सुरुवात केली तर चालेल का?

नाही चालणार, आणि कृपया करूच नका. फिरायला म्हणून एन्ट्री घेऊन शिकवणं तिथे बेकायदा आहे, पकडलं तर दंड आणि डिपोर्ट, वर पुढच्या व्हिसाला पण त्रास. एजंट म्हणतो "आधी जा, कागद नंतर करू", तिथेच सावध व्हा.

सरळ रस्ता असा की आधी शाळेचं ऑफर लेटर, त्यावर नॉन-इमिग्रंट बी व्हिसा (कामासाठीचा व्हिसा) आणि मग वर्क परमिट. परमिट त्याच शाळेपुरतं असतं हं, शाळा बदलली की पुन्हा नवीन.

आपल्याकडची तयारी मात्र आत्ताच सुरू करा कारण वेळ इथेच जातो, डिग्री आणि मार्कशीट ओरिजिनल हातात हवी (युनिव्हर्सिटीतून डिग्री सर्टिफिकेट काढलं नसेल तर उद्याच अर्ज करा), मग अटेस्टेशन (कागद खरे असल्याचा अधिकृत शिक्का), पासपोर्ट सेवाकडून पोलीस क्लिअरन्स. आपण नेटिव्ह स्पीकर धरले जात नाही, म्हणून टोइक किंवा आयेल्ट्स या इंग्लिशच्या परीक्षेचा स्कोअर बहुतेक ठिकाणी मागतात. १२० तासांचा टेफल (इंग्लिश शिकवायचं ट्रेनिंग) कोर्स केला तर नोकरी मिळायला मदत होते, पण तो डिग्रीची जागा घेत नाही.

सरकारमान्य शाळेत शिकवायला टीचर लायसन्स नाहीतर तात्पुरती सूट लागते, त्याचा अर्ज शाळा करते का हे इंटरव्ह्यूतच विचारा.