मॅक्रोत काय ठेवायचं आणि काय नाही

तुझा पॅच नीट वाचला. एक नवीन एएसटी नोड (पार्स केलेल्या कोडच्या झाडातला एक घटक) टाकायचा तर इनम (नोडच्या प्रकारांची नावं ठेवणारा टाइप), नावांचा टेबल, प्रिंटर, व्हिजिटर, सिरियलायझर सगळीकडे हात लावावा लागतो आणि त्यातलं एक जरी राहिलं तरी बिल्ड मस्त पास होतो आणि डंपमध्ये नोडचं नाव कोरं येतं, हे तू लिहिलंयस ते अगदी खरंय, मलाही त्याचा वैताग येतो. मॅक्रो, म्हणजे कंपाइल होण्याआधी नावाच्या जागी कोड भरणारी सोय, वापरूया हे तुला सुचलं तेही बरोबरच. पण पॅचमध्ये जे मॅक्रो झालेत ते मी असे आत घेणार नाही, का ते सविस्तर सांगते.

तू काय केलंस, तर एकसारखा दिसणारा कोड उचलून मॅक्रोत घातलास. त्याच्याबरोबर एरर चेक आत गेला, आणि दोन ठिकाणी तर रिटर्नच आत लपलाय. हेच मी एका पार्सरमध्ये केलं होतं, चेक फेल झाला की मॅक्रोच रिटर्न करायचा, वापरणाऱ्याला ते दिसायचंच नाही. मग एका फंक्शनमध्ये वर स्कोप (नावं कुठवर चालतात ती हद्द) पुश, मधे हा मॅक्रो, खाली पॉप असं झालं, आणि सिंटॅक्स एरर असलेल्या फाइलीत पॉप व्हायचाच नाही, पुढे भलत्याच ओळीवर नाव सापडत नाही म्हणून एरर यायचे. तीन दिवस मी नेम लुकअप चाळत बसले, तिथे काहीच चुकलेलं नव्हतं. तेव्हापासून मॅक्रोतला रिटर्न दिसला की मी तिथेच थांबते.

मॅक्रोत यादी ठेव, लॉजिक ठेवू नकोस.

जीसीसी या कंपाइलरची ट्री डॉट डेफ फाइल उघडून बघ, त्यात प्रत्येक नोडसाठी डेफट्रीकोडची एक नोंद, तिच्यात चार गोष्टी: सिम्बॉल, नाव, कोणत्या वर्गातला, ऑपरँड किती. बस. क्लँग या दुसऱ्या कंपाइलरची टोकनकाइंड्स डॉट डेफ तर त्याहून शिकण्यासारखी आहे, कारण तिथे कीवर्डचा मॅक्रो तू डिफाइन केला नाहीस तर तो आपोआप साध्या टोकनच्या मॅक्रोवर जातो, आणि टोकनचाही केला नाहीस तर रिकामा होतो, म्हणजे ज्याला फक्त कीवर्ड हवेत त्याने तेवढाच डिफाइन करायचा, बाकीच्या ओळी गायब. इनमसाठी एकदा इन्क्लूड, नावांसाठी परत एकदा इन्क्लूड, यादी मात्र एकच. या फाइलीला नेहमीचा इन्क्लूड गार्ड लावायचा नसतो, ती अनेकदा यायलाच हवी, आणि शेवटी सगळे मॅक्रो अनडेफ करायचे, म्हणजे त्यांची व्याख्या पुसायची, तुझ्या पॅचमध्ये ते राहिलंय.

आणि एक, विसरण्याचा प्रश्न तर मॅक्रोशिवायही बराच सुटतो. आपल्या स्विचमधले डिफॉल्ट काढून टाक. मग इनममध्ये नवीन किंमत आली आणि केस लिहिली नाही की डब्ल्यू-स्विच वॉर्निंग येते, ती वॉल या वॉर्निंगांच्या फ्लॅगमध्ये आधीच चालू आहे, आपण डिफॉल्ट लिहून तिचं तोंड बंद केलंय.

मॅक्रोत दोन हॅश (तुकडे जोडायची खूण) लावून नावं जोडलीस तिथेही जरा विचार कर. व्हिजिट-बायनरी हे नाव सोर्समध्ये अखंड कुठेच नसेल तर ग्रेपने मजकूर शोधणाऱ्याला ते सापडणार कसं? यादीतून इनमची नावं बनवायला जोडणी ठीक आहे, माणसाने हाताने लिहायच्या फंक्शनला नको. डीबगरमध्ये पण अख्खा मॅक्रो एकाच ओळीवर येतो, आत स्टेप करता येत नाही. मॅक्रो लिहिलास की कंपाइलरला ई फ्लॅग देऊन मॅक्रो उलगडून बाहेर काय पडतं ते डोळ्यांनी वाच, प्रत्येक वेळी. रस्टमध्ये गेलीच वेळ तर त्याच कामाला कार्गो एक्सपांड आहे, सवय तीच.

यादीतल्या नोडांत पुढे कोण कोणापासून डिराइव्ह होतो असली नाती आली आणि रकाने वाढत गेले तर मॅक्रो अपुरे पडतात, क्लँगने स्टेटमेंट आणि डिक्लरेशनच्या नोडांसाठी टेबलजेन हा कोड बनवणारा जनरेटरच घेतलाय. आपल्याकडे अजून ती वेळ नाही, जनरेटर म्हणजे बिल्डमध्ये आणखी एक पायरी.

तर आता पॅचचे दोन भाग कर. पहिल्यात फक्त डेफ फाइल, इनम आणि नावांचा टेबल, ते मी लगेच बघते. दुसऱ्यात पार्सरमधले ते दोन मॅक्रो काढून साधं बूल देणारं फंक्शन लिही आणि रिटर्न बाहेर, वापरायच्या जागीच येऊ दे, प्रत्येक ठिकाणी दोन ओळी वाढतील, वाढू देत. सिरियलायझरला सध्या हात लावू नकोस, तिथले नोड वरवर सारखे दिसतात पण त्यातल्या तिघांचा फील्डचा क्रम वेगळा आहे.