पर्वती चढल्यावर ठोके लवकर खाली येत नाहीत?

प्रश्न: वय 46, रोज सकाळी पर्वती चढतो. वर पोचलो की घड्याळात 152 दिसतात, मिनिटभराने 138. मित्राचे मात्र पटापट उतरतात. हार्टचा काही प्रॉब्लेम असेल का?

उत्तर: दादा, आधी घाबरू नका. व्यायाम थांबला की व्हेगस नावाची नर्व्ह हृदयाला ब्रेक लावते, पहिल्या मिनिटातली घट मुख्यतः तिचीच. 1999 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी ट्रेडमिल टेस्टनंतर हेच मोजलं आणि मिनिटात 12 किंवा त्याहून कमी ठोके उतरले तर धोका जास्त असं त्यांना दिसलं, पण ती माणसं टेस्टनंतर हळूहळू चालत होती, तुम्ही वर जाऊन कठड्यावर टेकलात तर आकडा वेगळा येणार. तुमची घट 14 आहे. मनगटावरचं घड्याळ घामाने सरकलं की चुकतंही, म्हणून पट्टा घट्ट करा, आठवडाभर रोज एकाच पद्धतीने मोजून वहीत लिहा. झोप कमी, ऊन, पाणी कमी, सगळ्याने फरक पडतो. बीपीसाठी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी) चालू असेल तर हे आकडे तसेच लावू नका, डॉक्टरांना विचारा. मित्राशी तुलना तर नकोच. पण चढताना छातीत दाबल्यासारखं झालं, चक्कर आली तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, प्लीज.